नको म्हणणारं गिऱ्हाईक

कदमबाई मुलांच्या वॉर्डात आल्या की खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटानं टकटक करायच्या. शेजारणीचं दार वाजवावं तशी. "येऊ का गं?" पोर नको म्हणालं, किंवा नुसती मान फिरवली, तरी "बरं" म्हणून खरोखरच पुढच्या खाटेकडे जायच्या. रुसणं नाही, लाडीगोडी नाही, "असं करतात का शहाणी मुलं" नाही. पहिल्या दिवशी हे बघून मला वाटलं, बाईंना चिकाटी नाही. चार दिवसांत थांबतील.

मी त्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. आमच्याकडे टकटक करायची पद्धत नाही. पडदा सरकवायचा, दंड धरायचा, काम उरकायचं आणि पुढे जायचं. पोरं जास्त आणि हात कमी असले की असंच होतं, त्यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही.

कदमबाईंचं सुलतान बाजारात ब्लाउजपीसचं दुकान. सासऱ्यांनी उदगीरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादेत मांडलेलं, बाईंनी उभं आयुष्य चालवलेलं. पुढे गल्ल्यावर सून बसली. सून हुशार होती. सासू दुकानात बसून चुका काढते म्हटल्यावर तिनंच बाईंना लोकसेवेचं महत्त्व पटवून दिलं असणार, असा माझा संशय आहे. काही असो, एका मंगळवारी ही ठसठशीत बाई कटपिसांचं गाठोडं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, हे इस्पितळ आहे, सुलतान बाजार नाही," मी म्हटलं.

"हौ सिस्टर, दिसायलंय ना. पण तिथं माणसं हसतात तरी. इथं कामून सगळी तोंडं अशी?"

मी अटी घातल्या. कापड उकळून धुतलेलं आणि कडक इस्त्रीचं हवं. प्रत्येक खाटेआधी हात धुवायचे. खायला काही द्यायचं नाही. पहिल्या दोन अटी त्यांनी पाळल्या. तिसरी विसरल्या आणि ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या एका पोराला बिस्कीट दिलं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. मी कॉरिडॉरमध्ये त्यांना असं झापलं की लिफ्टवालाही दोन मजले सरळ उभा होता. बाई म्हणाल्या, "चुकलं. पुढं तुमचंच ऐकते." त्या दिवसापासून त्यांनी माझा सूड घेतला. कुठल्याही पोराला साधी रिबीन द्यायची असली, तरी वॉर्डच्या त्या टोकावरून ओरडायच्या, "सिस्टर, याला रिबीन चालते का? उपाशीपोटी?"

कठड्यावरच्या टकटकीचं कारण मी त्यांना एकदा चहा पिताना विचारलं.

"सिस्टर, तुमच्या इथं ही लेकरं कशाला नको म्हणू शकतात, सांगा. सुईला? गोळीला? त्या घाणेरड्या सूपला?"

"सूपला म्हणतात."

"म्हणतात, पण चालतं का? मग मला तरी नको म्हणू द्या. माझं काय जातं? माझं दुकान नको म्हणणाऱ्या बायकांनीच चाललं. शंभर रंग उघडायला लावतात, पदराला लावून बघतात, नाक मुरडतात, जातात. मी घड्या घालते. नको म्हणणारं गिऱ्हाईक परत येतं सिस्टर. ज्याच्या गळ्यात मारलं ते येत नाही."

पोरांना हे फार लवकर कळलं. त्यांनी बाईंचं नाव 'दुकान अम्मा' ठेवलं आणि त्यांना हाकलणं हा वॉर्डचा मुख्य खेळ झाला. हातात सळई घातलेला एक तेलुगू मुलगा त्यांना मोठ्यानं हाक मारून बोलवायचा, त्या गुडघे सांभाळत पोचल्या की "वद्दु!" म्हणून खिदळायचा. बाई कपाळाला हात लावायच्या, "अरे देवा, नको म्हणतोय! माझा धंदा बसला!" आणि परत जायच्या. परत हाक, परत वद्दु. चौथ्या-पाचव्या फेरीला तो म्हणायचा, "बस." मग त्या बसायच्या, गाठोडं उघडायच्या. पोरानं कापड निवडायचं आणि त्याची टोपी, हाताच्या पट्टीवरची खोळ किंवा बाहुलीचा झगा, जे मागेल ते त्या तिथंच सुईदोऱ्यानं शिवायच्या. टाके मोठे मोठे. ब्लाउजपीस विकणं वेगळं आणि शिवणं वेगळं, हे त्या टोप्या बघून कुणालाही कळलं असतं.

अशात वैष्णवी जाधव आली. वय आठ. वडिलांचं हिमायतनगरला मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. पोरीच्या मांडीच्या हाडात पू झाला होता. पहिल्या ऑपरेशनला नेताना घरच्यांनी तिला सांगितलं होतं, "फोटो काढायचाय फक्त." ती हसत गेली आणि जागी झाली ती कमरेपर्यंत प्लास्टर आणि पायातून निघालेली नळी घेऊन. तेव्हापासून तिनं आईशी, बापाशी, माझ्याशी, कुणाशीही बोलणं बंद केलं होतं. साधा ताप मोजायला गेलं तरी अंग आखडून घ्यायची. पाणी प्यायचं तर आधी हुंगायची.

कदमबाई रोज टकटक करायच्या. वैष्णवी भिंतीकडे बघायची. "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा. कितीतरी दिवसांनी एकदा भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "नको." बाई इतक्या खूश झाल्या की मला येऊन सांगितलं, "बोलली!" पुढच्या शुक्रवारी तिनं गाठोडं उघडायला लावलं. हा रंग मळका, तो म्हातारा, तो आजोबांच्या पंच्यासारखा. सगळे नापसंत. बाई घामाघूम होऊन घड्या घालत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऐन लग्नसराईतलं समाधान होतं.

आणि नेमकं तेव्हाच सर्जन म्हणाले, हाड पुन्हा साफ करावं लागेल, उद्याच.

जाधवांनी बाईंना दाराशी गाठलं. मी औषधांची ट्रॉली लावत होते, सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, पोरगी तुमचंच ऐकते. तुम्हीच सांगा तिला, फोटो काढायचाय म्हणून."

"पुन्हा फोटो?"

"खरं सांगितलं तर रात्रभर रडंल. मला नाही बघवत ते."

"तुम्ही दुकानदार ना? कव्हराला वॉरंटी नसली तर आहे म्हणता का?"

जाधव घुटमळले. "कधीमधी."

"मग ते गिऱ्हाईक परत येतं का?"

"येतं ना. भांडायला."

"ही पोट्टी भांडायलापण येईना झाली, जाधव. माझ्या दुकानात रंग जाणारं कापड असलं तर मी सांगते, रंग जातो, पहिल्यांदा वेगळं धुवा. बाई तोंड वाकडं करते, पण पुढच्या वेळी मी पक्का म्हटलं की पक्का धरते."

जाधव काही बोलायच्या आत त्यांनी जाऊन टकटक केली. वैष्णवीनं मान हलवली. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "वैशू, उद्या फोटो नाही. ऑपरेशन आहे. त्याच पायाचं."

पोरीनं अख्खं गाठोडं उचलून फेकलं. कापडं तीन खाटांवर उडाली. मग ती ओरडायला लागली आणि तिचं बघून सगळा वॉर्ड रडायला लागला. जाधव दारातून म्हणाले, "झालं समाधान, मावशी?" खरं सांगायचं तर बाईंना बाहेर काढावं की काय, असं मलाही वाटत होतं. ही पोर अशीच बिथरलेली राहिली, तर उद्या तिला धरून, दाबून न्यावं लागणार होतं. आणि त्यानंतर ती परत कधी कुणावर विश्वास ठेवेल, याची मला तरी आशा नव्हती.

बाई जागच्या हलल्या नाहीत. समजूत घालायलाही गेल्या नाहीत. पोर दमली तेव्हा तिनं विचारलं, "नळी असणार?"

"मला काय माहीत? मी कापडवाली. सिस्टर, इकडं या. गिऱ्हाईक विचारतंय."

मी गेले. "असणार. एक."

"दुखेल?"

"हो. औषध देऊ, त्यानं कमी होईल. पूर्ण जाणार नाही."

"मग नको."

"हे एवढं नको चालत नाही, बाळा," बाई म्हणाल्या. "हे एकच. बाकीचं सगळं तुझ्या मनानं."

"बाकीचं काय?"

"ऑपरेशनच्या दारापर्यंत कोण येणार. स्ट्रेचरच्या गाडीवर बाहुली डोक्याशी ठेवायची का पोटाशी. टोपी कुठली घालायची."

वैष्णवीनं नाक पुसलं आणि दाराकडे बघितलं. "टोपी बाबा घालणार."

निवड बराच वेळ चालली. शेवटी पोपटी कापड आणि त्याला गुलाबी लेस ठरली. बाईंनी त्यांच्या त्या ढोबळ टाक्यांनी टोपी शिवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाधव ती घालून गाडीच्या बाजूनं पोरीचा हात धरून चालत गेले. लिफ्टमध्ये नेमका त्यांच्या बाजारातला एक ओळखीचा भेटला.

"जाधवसाब, ये क्या हाल बना लिए?"

"बेटी का ऑर्डर है," जाधव म्हणाले. वैष्णवी फुस्सकन हसली आणि हसतच दाराच्या आत गेली.

जागी झाल्यावर तिनं आधी चादर उचलून बघितलं. "एकच आहे," ती म्हणाली आणि मला पाणी मागितलं. दिलं तसं न हुंगता घोटभर प्याली. बाप शेजारी उभा राहून ढसाढसा रडत होता. "बाबा, टोपी काढा आता," ती म्हणाली, "सगळे बघतायत."

त्यानंतर जाधव स्वतःच सांगायला लागले, उद्या टाके काढायचेत, दुखेल. पुढे वैष्णवी घरी गेली. कदमबाई त्या वेळी दुसऱ्या खाटेवर रंग दाखवण्यात इतक्या गुंतल्या होत्या की त्यांनी नुसता हात हलवला.

कदमबाई गेल्या त्या एका गुरुवारी. शुक्रवारी त्या येणार म्हणून पोरं सकाळपासून दाराकडे बघत होती. आमची आया यादम्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टरम्मा, गाव कू गई बोल दो. बच्चे हैं."

मी सगळ्यांना सांगितलं, दुकान अम्मा काल वारल्या, आता येणार नाहीत. काही पोरं रडली, काहींना कळलं नाही. भाजलेल्या पाठीवर उपचार घेणारा फरहान पालथा पडून ऐकत होता. त्यानं विचारलं, "उनकू दर्द हुआ?"

"मालूम नहीं. पूछके बताती."

दुपारी मी सुनेला फोन केला. विचारायला जड गेलं, पण विचारलं. ती म्हणाली, "हौ सिस्टर. छातीत लई दुखलं. ऑटोत बसवेपर्यंत कण्हत होत्या. मग शांत झाल्या."

मी वॉर्डात आले. फरहान जागाच होता. मी त्याच्या कठड्यापाशी वाकले.

"हुआ," मी म्हटलं. "थोडी देर. बहुत हुआ."

"फिर?"

"फिर रुक गया."

त्यानं उशीवर गाल टेकून थोडा विचार केला. त्याचं मोठं ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी होतं.

"और मेरेकू कल?"

मी स्टूल ओढलं, बसले आणि त्याला सांगितलं.