पाणी आल्याचा निरोप

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ जमायच्या आतच चौथीत शाळा सुटली. चुकलं असेल तिथे समजून घ्यावं. पण एक गोष्ट मी न चुकता सांगू शकते. उघडी वस्तू बंद करण्यात आमच्या शेजारणीच्या मुलाचा हात धरेल असा माणूस अख्ख्या दहिसरात सापडायचा नाही. कुणाकडे चहाला गेला तरी त्याचे डोळे नळाकडे, पंख्याकडे, साखरेच्या डब्याकडे. बोलता बोलता उठायचा, झाकण लावून यायचा आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायचा. चाळीतल्या पूजेला भटजींनी उघडलेली तुपाची बाटली त्याने इतक्या वेळा बंद केली की शेवटी भटजी ती मांडीखाली घेऊन बसले.

तू काम काय करतोस, असं मी एकदा भीतभीत विचारलं. मला बोलायची लाज, आणि त्याला सांगायची भारी हौस. गॅलरीत येरझारा घालत म्हणाला, "काकी, नळच समजा. एकीकडे काही घडलं की खबर सुटते, दुसरीकडे ती ऐकणारा बसलेला असतो. त्याला झेपेल तेवढंच सोडायचं. आणि ऐकून झालं की मधलं कनेक्शन आठवणीने बंद करायचं. नाही केलं तर आतल्या आत साचत जातं आणि एक दिवस अख्खं मशीन बसतं." त्याला ते कॉम्प्युटरवाले लोक स्ट्रीम म्हणतात. मला एवढंच कळलं की हा जेवायलाही त्याच नियमाने बसतो. मी घावणे एकावर एक वाढायला लागले, तर ताटावर आडवा हात धरून म्हणाला, मी मागेन तेव्हा एकच पाठवा. मागायचा मात्र इतक्या पटापट की माझी आणि तव्याची वाट लागायची.

चाळीत पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, पहाटेपासून नळापाशी पाट टाकून बसायच्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्याने गच्चीवरच्या टाकीत एक तरंगणारा गोळा सोडला. गोळा वर आला की ज्यांनी ज्यांनी नाव दिलं त्यांच्या मोबाइलवर 'पाणी आलं' असा निरोप. पहिल्या दिवशी पाणी हिंदकळत राहिलं, गोळा खालीवर होत राहिला आणि दर हिंदकळ्याला निरोप सुटला. तळमजल्यावरचे आजोबा पंचा नेसून बादलीसकट धावले, परत गेले, पुन्हा धावले, आणि शेवटी बादली उपडी घालून तिच्यावरच बसले. मग त्याने पाणी स्थिरावलं की एकदाच निरोप जाईल असं केलं. कुणी खोली सोडून निघालं की टेम्पोपाशी हा मोबाइल घेऊन हजर, "यादीतून नाव काढू ना?" आजोबांची सून म्हणाली, "अरे, जाऊ तर दे. मेलो नाही अजून आम्ही."

वहिनींनी मोठ्या खटपटीने त्याच्या लग्नासाठी मुलुंडच्या मुलीला आणि तिच्या मंडळींना घरी बोलावलं. पोह्यांच्या बश्या हातात आल्या आणि याचा चेहरा उतरला. सकाळी ऑफिसात त्याने काहीतरी चालू केलं होतं. ते फायलींमागून फायली उघडत होतं, आणि बंद करायचं तो लिहायलाच विसरला होता. तिथे जाऊनच ते थांबवता येणार होतं. "आलोच बंद करून," म्हणाला आणि गेला. जाताना पोह्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवायला मात्र विसरला नाही, आणि वहिनींना तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्या गावी लेकीकडे निघून गेल्या. मुलाशी बोलणं बंद.

पण निरोपाच्या यादीत त्यांचं नाव राहिलं होतं. गावी मोबाइल वाजला आणि रागापेक्षा सवय मोठी ठरली. त्यांचा फोन आला, "पाणी इला? भरलंस?" तो म्हणाला, "भरलं." फोन बंद. रोज एवढंच. त्या एवढ्याशासाठी तो पाणी यायच्या आधीपासून गॅलरीत फेऱ्या मारायचा, बसून म्हणून राहायचा नाही.

मग नवी लाइन आली आणि पाणी दिवसभर राहू लागलं. चाळीच्या मीटिंगमध्ये गोळा काढायचं ठरलं. त्याने एकेक नाव काढलं आणि आईच्या नावाशी अडून माझ्या दारात आला. "काकी, आता पाणी येतच नाही, ते असतंच. खबर कशाची पाठवू?"

मी म्हटलं, "हाताने पाठव."

"विनाकारण कनेक्शन उघडं ठेवायचं नसतं."

"विनाकारण कुठंय?" एवढं बोलून गेले आणि लाजेने आत पळाले.

दुसऱ्या सकाळी त्याने निरोप हातानेच पाठवला आणि वहिनींचा फोन आला. थेंब गळला तरी झोप उडणाऱ्या त्या माणसाने रिकाम्या बादलीत नळ सोऽऽ करून सोडला आणि मोबाइल बादलीजवळ नेला. "येतंय. भरतोय," म्हणाला. तेव्हापासून रोज असंच. ते पाणी मी गॅलरी धुवायला नेते.

परवा वहिनींनी मला फोन केला. नव्या लाइनीचं त्यांना कधीच कळलं होतं. "त्याका सांगू नको हां," म्हणाल्या. "बादली भरेपर्यंत तरी बोलता माझो झील."

आज पहाटे मी त्याच्या नळाखालची बादली उचलून आणली आणि तिथे आमचं पिंप ठेवलं.