निंबकरांच्या मृत्यूची नोंद

गुरुसिद्धप्पा कलशेट्टींनी एकतीस वर्षांत निम्मं सोलापूर स्वतःच्या हातानं मारलं, असं त्यांची बायको नीलम्मा पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात ते कारकून होते. बदली मागून मागून थकले, पण त्यांचं टेबल जन्माकडं कधी सरकलं नाही. अक्षर मात्र मोत्याचं. मयताच्या नावात त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाची चूक कधी होऊ दिली नाही.

निवृत्तीनंतर त्यांना दोनच कामं उरली. सकाळी कंबर तलावावर फेरी आणि संध्याकाळी टीव्हीवरचा गुप्तहेर निंबकर. हा निंबकर तीन वर्षं चोर पकडत होता, आणि मार्च संपता संपता मालिकेनं त्याला नदीच्या पुलावरून खाली टाकलं. तिसऱ्या दिवशी प्रेत सापडलं. चेहरा ओळखू येईना, घड्याळावरून ओळख पटली. दहन झालं. मदतनीस मृत्यूचा दाखला हातात धरून ढसाढसा रडला आणि मालिका संपली.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या कट्ट्यावर सुतकी वातावरण होतं.

"गेला की हो माणूस!" चनमल्लप्पा म्हणाला. बाळीवेशीतलं किराणा दुकान मुलावर सोपवून तो रोज कट्ट्यावर यायचा.

"जातोय कसला?" विजयमालाबाई उसळल्या. त्या माढ्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळं कुणाचंही उत्तर आधी चूकच धरायच्या. "निंबकर घड्याळ डाव्या हातात घालतो. प्रेताच्या उजव्या हातात होतं. ते प्रेतच दुसऱ्याचं."

"मग हा पडला कुटं?"

"ते तुम्ही सांगा."

चनमल्लप्पानं डोकं खाजवलं. "खाली कोळ्यांनी जाळं धरलं असणार. आधीच सांगून ठेवलेलं."

यावर सगळा कट्टा हसला. गुरुसिद्धप्पा सगळ्यात जास्त हसले. पण त्यांच्या डोक्यात तो दाखला रुतून बसला होता. घरी येताच त्यांनी कॉलेजला निघालेल्या नातीला, सिद्धेश्वरीला, दारातच अडवलं.

"फोनवर तो दाखल्याचा भाग लाव. हां, थांबव. आता मोठं कर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मृत्यू दिनांक चौदा मार्च. नोंदणी दिनांक बारा मार्च.

"मरायच्या दोन दिवस आधी नोंद!" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, दाखला आधीच करून ठेवलेला. हा माणूस मेलेलाच न्हाय!"

"अज्जा, त्यांची चूक असंल की."

"तारखेत चूक? दाखल्यावर?" असा विचारसुद्धा त्यांना अभद्र वाटला.

सिद्धेश्वरीनं गंमत म्हणून अज्जाचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. चार दिवसांत चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. नाशिकहून, बेळगावहून निंबकरचे चाहते 'सर' म्हणून शंका विचारू लागले. मंडईतल्या भाजीवाल्या बसम्मानं तर मेथी तोलता तोलता तराजू तसाच धरून विचारलं, "काका, खरं सांगा, मेला का न्हाय?" गुरुसिद्धप्पा गंभीरपणे म्हणाले, "कागद तर तसं म्हणत नाही."

मग मुंबईहून मालिकेच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "आजोबा, तो कागद करणाऱ्या मुलानं घाईत तारीख चुकवली हो. बाकी काही नाही."

गुरुसिद्धप्पांनी फोनवर हात ठेवला आणि नीलम्माला हळूच म्हणाले, "बिचारीला सांगायची परवानगी नाही."

आठवड्यानं फोनवरच्या भागात ती तारीख बदललेली दिसली. दुसरा एखादा खचला असता. हे म्हणाले, "पुरावा नष्ट केला! चूकच होती तर एवढी घाई कशाला?"

"साकु," नीलम्मा जेवायला वाढताना कानडीत म्हणाली. "पुरे आता. एका नटासाठी एवढा जीव का टाकताय?"

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "अक्कलकोटकडचा एक म्हातारा यायचा खिडकीवर. मुलगा हितं दवाखान्यात वारलेला. 'सायेब, दुसऱ्याचं नाव असंल, बगा की,' म्हणायचा. मी बघायचो. मला ठाऊक असायचं, तरी पुन्हा पान काढून बघायचो. तीनदा आला."

नीलम्मानं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दिवाळीला मालिका पुन्हा सुरू झाली. कट्ट्यावरची तिघंही कलशेट्टींच्या घरी टीव्हीसमोर बसले. निंबकर दारात उभा राहिला तेव्हा विजयमालाबाईंनी चक्क शिट्टी मारली. मग निंबकरनं खुलासा केला. पुलाखाली कोळ्यांनी जाळं धरलं होतं. प्रेत बेवारस, त्याला घड्याळ बांधणाऱ्याचा हात चुकला. दाखल्याबद्दल अवाक्षर नाही.

चनमल्लप्पा सोफ्यावर उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं कट्ट्यावर पेढे वाटले. गुरुसिद्धप्पा दोन दिवस फेरीला गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले, आणि कुठला असं कुणी विचारलं की कधी उजवा दाखवायचे, कधी डावा.

तिसऱ्या दिवशी चनमल्लप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतःच आला. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला.

"गुरुसिद्धा, एक अडलंय बघ. जाळ्यातनं वाचला ते ठीक. पण कागदावर तो मेलेलाच की. उद्या बँकेत गेला तर?"

गुरुसिद्धप्पांचा गुडघा त्या क्षणी बरा झाला.

"आता कसं बोललास! अरे, नोंद अशी खोडता येत नाही. आधी अर्ज, मग प्रतिज्ञापत्र, मग चौकशी. मग नोंदवहीच्या समासात शेरा. आणि तो शेरा कुणी मारायचा म्हणतोस?"

"कुणी?" चनमल्लप्पानं विचारलं. खरं तर सरकारी कागद बघितला की त्याला झोप यायची. पण आज त्यानं पुड्यातला पहिला पेढा मित्राला दिला, दुसरा स्वतः तोंडात टाकला आणि कळल्यासारखी मान हलवत बसला. तासाभरानं गुरुसिद्धप्पा चौकशीपर्यंत पोचले होते. नीलम्मानं दुसऱ्यांदा चहा टाकला.