दोन नारळांच्या लग्नाची कॅसेट

आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीतला दुसऱ्या मजल्यावरचा तो हॉल आठवला की मला अजून किळस येते. हॉल अत्यंत स्वच्छ होता, इतका की कॅसेटच्या खणांना हात लावण्याआधी साहेब आपला हात रुमालाला पुसत. बँकेत अधिकारी होते. बँकेबाहेरही सगळे त्यांना साहेबच म्हणत.

दर रविवारी सकाळी दहाला तिथे आम्ही पाच-सहा जण जमायचो. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, पाणी फिरवलं की साहेब विचारायचे, "हं, सध्या काय ऐकताय?" ज्याची पाळी असेल त्याने आपली कॅसेट पुढे करायची. तिची एक बाजू लावायची आणि ती संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. वहिनीसुद्धा तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडं वाजू देत नसत. नंतर प्रत्येकाने मत द्यायचं, आणि ज्याला आवडेल त्याने कॅसेट आठवड्यासाठी घरी न्यायची.

मला तिथे आणलं आमच्या कॉलेजच्या सरांनी. ते अर्थशास्त्र शिकवायचे आणि वर्गात श्रमिकांच्या संस्कृतीबद्दल असं बोलायचे की अंगावर काटा यायचा. त्यांनी साहेबांना माझी ओळख करून दिली, "ही चळवळीतल्या घरातली मुलगी." ते खरं होतं. माझे वडील न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीला, आणि नोकरीनंतरचा सगळा वेळ युनियनचा. घरात पुस्तकं कमी, पत्रकं ढिगाने. 'निषेध' हा शब्द मी 'नळ'च्या आधी लिहायला शिकले. त्या हॉलमध्ये मात्र मी पहिले तीन महिने कशाचाही निषेध केला नाही. सोफ्याच्या कडेला बसायचे, सुरांबद्दल ठरावीक वाक्यं बोलायचे आणि घरी येऊन ती वाक्यं आरशासमोर पुन्हा म्हणून बघायचे. मला ते लोक आवडत होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे कॅसेट नव्हती. आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता तो वडिलांचा, गेट मीटिंगची भाषणं टेप करायला घेतलेला. मला एकदम सुचलं की या लोकांना धवला, म्हणजे लग्न लावायचं गाणं, ऐकवावा. माझी कॉलेजातली मैत्रीण करंजा गावची, कोळ्यांची. तिची आजी धवलारीण. त्यांच्याकडे लग्न धवलारीण लावते. ती गात गात देवांना मांडवात बोलावते, मग घराण्यातल्या मेलेल्या माणसांना एकेक करून हाक मारते, आणि सगळे येऊन बसले की मगच हळद लागते. हे शिकायचं कुठे? धवलारणीच्या मागून लग्नालग्नाला फिरत. मैत्रीण कॉलेजात अडकलेली, तिचं फिरणं झालं नव्हतं.

आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन गेलो तेव्हा आजी ओट्यावर सुकट निवडत होती. तिने साफ नाही म्हटलं.

"धवला काय रेडिवो हाय? लगीन नाय तं धवला नाय. रिकाम्या घरान देव बोलावले, तं त्यांना सांगू काय?"

"मंग लगीन लावू की," मैत्रीण म्हणाली. "ते दोन नारल हाय ना."

आजी हसायला लागली. "नवरा कंचा नि नवरी कंची?"

"शेंडीवाला नवरा. जिची शेंडी काढली ती नवरी."

"नि येन कोन?" येन म्हणजे विहीण.

"ही पनवेलची बाय. बघ कशी येनीसारखी रुसून बसलीय."

आजीने खरोखर दोन नारळ पाटावर मांडले, त्यांना हळद लावली, दाराला उंबराची डहाळी खोचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कर तुझा यंत्र चालू." आणि ती गायली. आधी गावदेवी, मग वेशीवरचे देव, मग दर्या, मग घरातली माणसं. आवाज चिरका होता, पण कुठे थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या घराचीच नावं घेतली तिने. नारळ दुसऱ्या कुणाच्या घरचे म्हणणार? नावं भरभर येत होती. मला त्यातली दोन-तीनच कळली. म्हटलं, टेप आहे ना.

पुढच्या रविवारी मी ती कॅसेट हॉलमध्ये लावली. बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही हा नियम पाच मिनिटं टिकला. मग वहिनी उठल्या आणि आत जाऊन त्यांनी मिक्सर लावला. रसायनांच्या कारखान्यातला एक इंजिनिअर यायचा, ज्याने परदेशातून अँप्लिफायर मागवला होता, तो नाक मुरडून म्हणाला, "साहेब, स्पीकर पुसून घ्या. सुकटीचा वास येतोय."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या हसण्याचा आवाज मला आठवतो.

साहेबांनी टेप अर्ध्यावर थांबवली. "रॉ आहे. पण इंटरेस्टिंग. फोक या दृष्टीने." सरांनी मान डोलावली. मला आधार द्यावा म्हणून त्यांनी एक लांबलचक वाक्य टाकलं, ज्यात 'जनमानस' हा शब्द दोनदा आला. मग साहेब म्हणाले, "राहू दे माझ्याकडे. माझ्या डबल डेकवर कॉपी काढून देतो, जरा खरखर कमी करून." मी खूश होऊन कॅसेट दिली. साहेबांच्या संग्रहात धवला! वडिलांना मी ते घरी जाऊन विजयाची बातमी सांगावी तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मूळ कॉपी देतात का कधी?" आमच्या घरी पत्रकाचा मूळ मजकूर कधी हातातून सोडत नसत. मला ते माहीत होतं.

तीन आठवडे साहेब "राहिलंच बघ" म्हणत राहिले. चौथ्या आठवड्यात आजीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव वाचला. मैत्रीण पनवेलला सरकारी दवाखान्यात धावपळ करत होती, तिथेच जिन्यात तिने मला धरलं.

"ती कॅसेट दे गो. वैशाखान दादाचा लगीन हाय. आमच्यान दुसरी धवलारीन बोलवायची नाय, आजी जिती हाय तवर. मना शिकायला पायजे."

"देते. रविवारी."

"आजीला पन लावून दाखवीन. तिला वाटते सगला गेला. रडते नुसती."

त्या रविवारी मी दहाच्या आधीच पोचले. साहेब उत्साहात होते, कॅसेटचं विचारायला सवडच मिळाली नाही; पाळी त्यांची होती. कुणीतरी सहकारी मुंबईहून एका खाजगी गझल मैफलीची टेप घेऊन आला होता, एका संध्याकाळपुरती. साहेबांनी ती उतरवून घेतली होती. "बाजारात मिळणार नाही ही," ते म्हणाले. "सध्या मी दुसरं काही ऐकतच नाही."

गझल लागली. इंजिनिअरने डोळे मिटले होते. वहिनी दाराशी पदर हातात धरून उभ्या होत्या. अर्धा तास झाला असेल. गायकाने शेवटची ओळ पुन्हा घेतली, टाळ्या झाल्या, त्या टाळ्या मध्येच तुटल्या, आणि स्पीकरमधून आजी गायला लागली.

एका नावाच्या मध्यावरून. पहिलं अक्षर गेलेलं.

मला कळायला क्षणभर लागला. साहेबांना नाही लागला. ते शांतपणे उठले आणि त्यांनी बटण दाबलं. "हे आधीचं काहीतरी राहिलंय."

मी कॅसेट काढून घेतली. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीवर त्यांची सुबक चिठ्ठी चिकटवलेली होती. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मी त्या मोडायला विसरले होते. साहेबांनी गझल उतरवून झाल्यावर दोन्ही मोडल्या होत्या, आता कुणी पुसू नये म्हणून.

"ही माझी आहे," मी म्हटलं. "ह्यात आजी होत्या."

"अगं, त्या दिवशी घरात कोरी कॅसेट नव्हती आणि रात्रीच्या आत मूळ टेप परत करायची होती. ही क्वालिटीला बरी निघाली. मी तुला नवीन देतो ना, दोन देतो."

"त्यांची वाचा गेलीय."

"अरेरे." ते खरोखर हळहळले. "पण त्यांच्यात दुसरी कुणी असेलच की. लोकगीत आहे ते, कुणा एकाचं थोडंच असतं? पुन्हा रेकॉर्ड करता येईल. ही मैफल पुन्हा होणार नाही."

मी सरांकडे पाहिलं. सर चहात बिस्किट बुडवत होते. म्हणाले, "त्यांचा हेतू वाईट नव्हता. तू भावनिक होऊ नकोस." मग बिस्किट तुटून कपात पडलं आणि ते चमच्याने काढण्यात गुंतले. त्या चमच्याइतकं ओंगळ मी काही पाहिलेलं नाही.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. 'संस्कृतीचे मध्यमवर्गीय दरोडेखोर' असा मथळा. स्टेन्सिल कापण्याआधी मैत्रिणीला दाखवायला करंज्याला गेले, आणि कॅसेटचं काय झालं ते तिला तिथेच सांगितलं. तिने आधी कॅसेटची शेवटची दहा मिनिटं ऐकली, दोनदा. मग पत्रक वाचलं.

"चांगला लिवलंय," ती म्हणाली. "पन यान तुझाच राग हाय. नि त्यान कॅसेट नेली नव्हती, तू दिली."

मी ते पत्रक फाडलं. मी आणखी चिडावं की रडावं हे मला कळेना, आणि तिला दोन्हींसाठी वेळ नव्हता. ती वहीत नावं गोळा करायला लागली होती. देव सापडले, ते सगळ्या गावाचे. माणसं सापडेनात; कॅसेटवर त्या तुटक्या नावापुढे नुसत्या हळदीच्या ओळी उरल्या होत्या. तिच्या बापाला चार नावं आठवली, आत्याला दोन. क्रम कुणालाच येईना, आणि क्रम चुकला तर धाकटा थोरल्याच्या आधी मांडवात बसतो. आजीसमोर नावं वाचून दाखवली तर ती डाव्या हाताने हो किंवा नाही करायची. पण जे नाव कुणाला माहीतच नाही ते वाचणार कोण?

वैशाखात दादाच्या लग्नाचा मांडव उभा राहिला. आजीला खुर्चीत नाही, खाली चटईवर भिंतीला टेकवून बसवलं. धवला खाली बसूनच ऐकायचा. मी तिच्या शेजारी होते. समोर पाटावर नवरा मुलगा, भोवती हळदीचं वाटण घेतलेल्या बायका. मैत्रीण गायला लागली. तिचा आवाज कोवळा होता आणि भीतीने थोडा वर चढला होता, पण गावदेवी आली, वेस आली, दर्या आला. मग घरातली माणसं. एक, दोन, तीन. आजीची मान प्रत्येक नावाला हलत होती. सहावं नाव झालं आणि मैत्रीण पुढच्या ओळीवर गेली, जिच्यात सगळे बसले असं म्हणतात. बायकांनी हळदीत बोटं बुडवली.

आजीने डावा हात चटईवर आपटला.

पुन्हा आपटला. मग आपटतच राहिली. तोंडातून नुसता श्वास येत होता. कुणीतरी राहिलं होतं बाहेर, उंबराच्या डहाळीपाशी, आणि त्याला आत बोलावल्याशिवाय मुलाला हळद लागत होती. मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं. पण ती थांबली नाही; अर्ध्यावर धवला सोडता येत नाही.

"म्हातारीला तान लागली वाटते," मागून एक बाई म्हणाली. "ओ पनवेलच्या बाय, पानी द्या तिला."

मला माहीत होतं ती काय मागतेय. त्या मांडवात ते आम्हा तिघींनाच माहीत होतं. मी उठले, मडक्यातून तांब्या भरून आणला आणि तिच्या तोंडाला लावला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून तिच्या नव्या लुगड्यावर ओघळलं, आणि तिचा हात आपटतच राहिला.