खाम्तानच्या मुतखड्यावर लागलेल्या पैजा

खाम्तान पळाला, अशी बातमी मंगळवारी दुपारी आमच्या गावभर झाली. खोन केनच्या हॉस्पिटलातून निळ्या झग्यात, पाठीला लावलेली नळी हातात धरून तो थेट बस थांब्यापर्यंत पोचला म्हणे. ही बातमी पसरवण्यात माझाही थोडा हात होता, हे कबूल करते. खरं एवढंच, की तो वॉर्डाच्या संडासापर्यंत गेला आणि आतून कडी लावून तासभर बसला. खाटेभोवती गावातली नऊ माणसं उभी होती. दुसरं जाणार कुठे?

नऊ माणसं का, ते सांगते. खाम्तान माझा शेजारी, वय अठ्ठावन्न. मे महिन्यात, आमच्या ईशान्य थायलंडातल्या रिवाजाप्रमाणे, आभाळातल्या देवाला पावसाची आठवण करून द्यायला आमचं गाव अग्निबाण सोडतं. गावाचा मोठा बाण एकवीस वर्षं तोच ठासतो. दारूचा सोरा, कोळसा, निळा पाइप आणि बायकोलाही न सांगितलेलं प्रमाण. बाण किती सेकंद वर राहील यावर पैजा लागतात आणि खाम्तान आधीच आकडा सांगून मोकळा होतो. चुकलाच तर पाच-दहा सेकंदांनी. त्याचा मेव्हणा थावोर्न तेवढीच वर्षं मागे पाइप धरून उभा आहे, आणि बत्ती कधी हातात येते याची वाट बघतो आहे.

यंदा खाम्तानच्या डाव्या मूत्रपिंडात खडा निघाला. आमच्या भागात खडा नसलेला माणूस शोधावा लागतो, पण याचा खडा सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला. डॉक्टर पिम्लदा म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, पाठीत बोटभर भोक पाडून दुर्बीण घालू आणि आतल्या आत खडा फोडू."

"एका खेपेत साफ होईल?"

तिने खडा केवढा, फाटे किती, कुठल्या कप्प्यात शिरलेत, असा हिशेब मांडला. "खडा किती अवघड याच्या चार पायऱ्या असतात, तुमची शेवटची. असे शंभर जण घेतले तर तीस-पस्तीस एकाच खेपेत साफ होतात. बाकीच्यांची नळी तशीच ठेवून सहा आठवड्यांनी परत."

बाणांचा उत्सव पाच आठवड्यांवर होता. थांबावं तर मूत्रपिंड जाईल, म्हणाली.

हे त्याने फक्त बायकोला, बुआखायला सांगितलं. बुआखायने फक्त मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत साफ की नाही यावर कोंबड्या लागल्या. माझी तांबडी 'साफ'वर होती, उगाच खोटं कशाला बोलू? खाम्तान नूडल्स खायला बसला की लोक त्याच्या कुशीकडे असे बघत, जसे मचाणावर चढवलेल्या बाणाकडे बघतात. शेवटी सरपंचाने विचारलंच, "तू जाणकार. तुझा आकडा काय?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे आकडा नव्हता. "हे मी ठासलेलं नाही रे," तो म्हणाला आणि वाटी अर्धी टाकून उठला. त्यानंतर घराबाहेर पडेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही त्याचा जीव अंगात परत बोलावायचा विधी केला, मनगटांना पांढरे दोरे बांधले, अंडं सोललं. बलक एका बाजूला सरकलेला निघाला, म्हणजे अपशकुनच. तिघांनी अंगणातच पैज फिरवली. खाम्तानने ते पाहिलं. दोरे बांधलेले हात मांडीवर ठेवून तो तसाच बसून राहिला.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी फोटो काढला तर आत तीन तुकडे. डॉक्टर म्हणाली, "चार मिलिमीटरच्या आतले आम्ही धरत नाही. दोन तसे आहेत, लघवीवाटे जातील. तिसरा सात मिलिमीटरचा, खालच्या कप्प्यात अडकलाय."

"मग साफच धरा की बाई," मी म्हटलं, "एका तुकड्यासाठी काय अडवून धरता!"

"तुमची कोंबडी वाचवायला का?" सरपंच ओरडला. "साफ म्हणजे साफ!"

"बाई, तो तिसरा परत एकदा मोजा ना, जरा दाबून!" 'साफ'वाल्यांतलं कुणीतरी मागून म्हणालं.

तेव्हा खाम्तान संडासात गेला. तासाभराने बाहेर आला, खाटेवर पडला. पाठीला नळी, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आम्ही नऊ जण. थावोर्न स्टूल ओढून जवळ बसला.

"दाजी, प्रमाण सांगा आता. बाणाशिवाय कसं चालेल? पाऊस कोण मागणार?"

 खाम्तानने छताकडे बघत सांगितलं. सोरा किती, कोळसा किती, ठासायचं किती. कानात सांगायला वाकता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या देखत सांगितलं. आमच्यातल्या दोघांनी लिहूनही घेतलं.

थावोर्नचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. आमच्याकडे बाण फुसका निघाला तर करणाऱ्याला उचलून चिखलात टाकतात.

"दाजी, नाहीच उडाला तर? मलाच चिखलात लोळवतील ना?"

खाम्तान म्हणाला, "मग लोळ की. मला इथे धड कूससुद्धा बदलता येत नाही."