बिनदाराचं घर

घर बांधलं आणि त्याला दार ठेवलं नाही. कल्पना माझी. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या.

नाशिकहून निघालो त्या सकाळी आई टेम्पोशेजारी नवं पितळी कुलूप घेऊन उभी होती. "घरात माणूस असो नसो, कडी घालावी," हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली. मी हसून कुलूप तिच्याच पिशवीत टाकलं आणि विश्वासावर उभ्या राहणाऱ्या समाजाबद्दल तिला छोटंसं भाषण दिलं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, नाहीतर ते छोटं राहिलं नसतं.

तलवाड्याच्या अलीकडे माळावर आम्ही पाच कुटुंबं उतरलो. तुमच्यापैकी बरेच जण त्यात होतात, त्यामुळे फुगवून सांगायची सोय नाही. सोलरवर दिवे, सांडपाण्यावर केळी, प्लास्टिकबंदी, मडक्यांत जपलेलं देशी बियाणं. मातीच्या हातभर जाड भिंती आणि आत जायला चंद्रासारखी गोल वाट. शेजारचे मेंढपाळ सखारामबापू पहिल्याच दिवशी डोकावले. "दार कावून न्हाई ओ? हितं काय शनिदेव बसलाय राखायला?" मी त्यांनाही भाषण दिलं. ते तंबाखू मळत ऐकत राहिले.

आठवड्याभरात गावातल्या शेळ्यांनी बियाण्याची निम्मी ज्वारी संपवली. मग ठरलं, कुणीतरी कायम घरी थांबायचं. पाळ्या लागल्या. पाळ्यांवरून मिटिंगा, मिटिंगांवरून अबोले. एकेक कुटुंब 'थोडे दिवस' म्हणून गेलं, आणि जाताना आपापली मडकी माझ्या भरवशावर ठेवून गेलं. आता सगळ्या पाळ्या माझ्या. तुरुंगाला निदान दार असतं, शिक्षा संपली की उघडतं तरी.

गेवराईहून सुतार आणला. त्याने गोलावरून हात फिरवला. "साहेब, ह्याला दार न्हाई, भाकरीचा तवा बसंल." मग मीच बाभळीच्या फांद्या आडव्या लावल्या. शेळ्यांना बाभळीचा पाला किती आवडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दारच खाल्लं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा 'मी येतोच' असं सांगून बसलो होतो. बापू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले, राखायला दुसरं कुणी मिळेना. पिशवी खांद्याला लावून डांबरी रस्त्यापर्यंत गेलो, तुमची मडकी आठवली, परत फिरलो. आईला ताईने नेलं. पट्टी काढल्यावर तिने आधी मला शोधलं, असं ताई म्हणाली. आई फोनवर मात्र हवापाण्याचंच बोलली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मला वाटायचं, जिथे कुणाला अडवत नाहीत ते घर. आता वाटतं, जे बंद करून आईकडे निघता येतं ते घर. माझं तसं घर कुठेच नाही. नाशिकचं तिचं आहे, आणि इथलं तुम्हा सगळ्यांच्या मडक्यांचं.

परवा आईला बोलावून घेतलं, माळावरची हवा खायला म्हणून. ताईने गाडीने आणून सोडलं. काळा चष्मा सांभाळत आई वाकून आत आली, मडक्यांकडे बघून घेतलं, चहा प्यायली. मी बूट चढवले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू आहेस तर मी जरा गेवराईला जाऊन येऊ?"

तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे दाराच्या जागी बसवायला बोलावलंस होय मला."