बेटावरच्या धनेशांचा राखणदार

मरोळच्या आमच्या चाळीतला हा शेजारी अंदमानकडच्या एका बेटावर अभयारण्याचा पहारेकरी होता. सुट्टीवर आला तरी बोलता बोलता मध्येच थांबून कानोसा घ्यायचा. मला त्याचं कुतूहल वाटे. त्याच्या बेटावरचा धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही म्हणे.

एका वर्षी बायकोचे दिवस भरत आले असतानाच तो ट्रंक घेऊन बेटाकडे निघाला. मी त्याला अडवलं.

तो म्हणाला, "अरे, या दिवसांत धनेशाची मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते. भरवणाऱ्या नराला कुणी मारलं, तर आत ती आणि पिल्लं उपाशी मरतात. आम्ही असतो म्हणून शिकारी फिरकत नाहीत."

दारात उभी असलेली त्याची मालवणी बायको म्हणाली, "आणि हयलो, ह्या घरातलो नर खंय चल्लो?"

 तो ट्रंक खाली ठेवून मला म्हणाला, "चल, पोस्टात जाऊ. रजा वाढवायची तार करतो."