एका डावखुऱ्या गुंडासाठी निपाणी ते बेळगाव

बेळगावला लोक कोर्टकचेरीला जातात, लग्नाचा बस्ता बांधायला जातात, नाहीतर दवाखान्यात जातात. मी एका खुनी माणसाचा हात बघायला गेले. कुणा बाईला निपाणीहून सिनेमासाठी असं जायचं झालंच, तर रस्त्याची, खाण्याची आणि तिकिटाची माहिती पुढे येईलच. पण आधी जाण्याचं कारण सांगते. ते ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका अजून पदर तोंडाला लावून हसतात. हसोत बापड्या.

आमची कुसुम डावखुरी आहे. भाकरी मोडायची डाव्या हातानं, पाटीवर गिरवायचं डाव्या हातानं, देवाला फूल वाहायचं तेही डाव्याच हातानं. सासूबाईंनी यावर उपाय काढला. जुन्या धोतराची पट्टी फाडून पोरीचा डावा हात सकाळी कमरेशी बांधायचा, तो झोपताना सोडायचा. पोर उजव्या हातानं घास सांडत रडायची आणि घरातली शहाणी माणसं म्हणायची, वळण लागतंय.

मी साक्षीला एक माणूस काढला. युद्धाच्या आधी निपाणीत तंबूतला सिनेमा आला होता आणि त्यात अमेरिकन गुंडांचा एक बोलपट लागला होता. मधोमध पडद्याचं कापड, पुढे पुरुष, मागे बायका. एक जण काठी घेऊन उभा राहायचा आणि मराठीत, कानडीत गोष्ट समजावून सांगायचा. त्यातला टोळीचा पुढारी, राखाडी टोपीवाला, डाव्या हातानं पिस्तूल काढायचा, डाव्या हातानं काडी ओढायचा, आणि अख्खं शहर त्याला चळाचळा कापायचं. तिथला पोलीससुद्धा डाव्या हातानं सलाम ठोकायचा. डावखुऱ्यांचा देशच होता तो. कुसुमला मी त्या देशाच्या गोष्टी सांगायची, आणि घरच्यांना सुनवायची, की बघा, डाव्या हाताची माणसं शहरं चालवतात, आणि तुम्हाला एक घास खपत नाही.

"अगं, तो उजवा हाय," हे म्हणायचे. हे म्हणजे आमचे यजमान, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. "मीबी त्याच तंबूत बसलतो की."

एकदा हे बेळगावहून परतले ते हातात जाहिरात घेऊनच. कॅम्पातल्या थेटरात गोऱ्या सोल्जरांसाठी तोच बोलपट पुन्हा लागला होता. जाहिरातीत राखाडी टोपीवाला, पिस्तूल उजव्या हातात. मी म्हटलं, छापणारा गाढव असेल. तेव्हा हे पेटले. "चल मग बेळगावला. डावा निघाला तर पोरीची पट्टी सुटली. उजवा निघाला तर पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाय." सासूबाईंनी चुलीपुढूनच मान डोलावली. मी कबूल झाले, कारण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मोटर सकाळी आठला सुटते असं सांगतात. सुटेल तेव्हा आठ वाजले असं समजून चालावं. पेट्रोल लढाईवर गेलंय, त्यामुळे गाडी कोळशाच्या गॅसवर चालते. मागे एक पिंप, त्यातून धूर, आणि तो सगळा मागच्या बाकावर, म्हणजे जिथे बायकांना बसवतात तिथे. पांढरं लुगडं नेसून जाऊ नये. तवंदीच्या घाटात गाडीनं मान टाकली.

"उतरा, बायकांनीबी उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "चढत न्हाय ती."

"भाडं पुरं घेतलंस की रं," मी म्हटलं.

"उतारावर फुकट बसा, आक्का."

घाट पायी चढताना ह्यांनी मला त्यांच्या आवडीचा एक देशी गुंडपट ऐकवला. त्यातला गुंड चोरीच्या आधी झाडाखाली उभा राहून गाणं म्हणतो. तोवर घरमालक उठून, तोंड धुऊन पोलीस आणेल की नाही? पुढे म्हणे त्याला आई भेटते आणि तो तिच्या पायावर पडून रडतो. अशाला मी वाळत घातलेल्या शेंगासुद्धा राखायला बसवणार नाही. गोळ्यांचा आवाज काय, दिवाळीत पोरंही काढतात. गुंड लक्षात राहतो तो गोळीच्या आधी काय करतो त्यानं. माझा टोपीवाला जेवता जेवता उठायचा. उठण्याआधी मांडीवरचा रुमाल नीट घडी करून ताटाशेजारी ठेवायचा. घाई नाही, बडबड नाही. मग समोरच्या माणसाचा घास घशातच अडकायचा. आम्ही जैन, पाणी गाळून पिणारी माणसं, आणि मी खुन्याची तरफदारी करत घाट चढत होते. ह्यांना त्याचंच जास्त हसू येत होतं.

संकेश्वरला गाडी बरीच थांबते. हॉटेलातला चहा म्हणजे गुळाचं गरम पाणी. त्यापेक्षा घरून दशम्या आणि शेंगांची चटणी न्यावी. पुढे वंटमुरीच्या घाटात पुन्हा उतरावं लागलं. मी ड्रायव्हरशी बोलले नाही. बेळगावात पोहोचलो तेव्हा माझ्या केसांना लोहाराच्या भट्टीचा वास येत होता.

शहापुरात माझी थोरली बहीण राहते. टांगेवाला नवखं माणूस बघून दुप्पट सांगतो. उतरून चालायला लागलं की रास्त बोलतो. आक्कानं कुंदा पुढे केला. बेळगावकरांना वाटतं, कुंदा खाल्ला नाही तो जन्माला आलाच नाही. दूध आटवून करपवलं की झाला कुंदा, एवढी मिजास कशाला? दोनदा घेतला, ते सोडा.

येण्याचं कारण सांगितल्यावर आक्का आधी हसली आणि मग तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

"तुझाबी हात बांधलता की. आई सांगायची, मी बांधायची. लई ओरडायचीस." ती कौतुकानं म्हणाली. "आता बघ, उजव्या हातानं कशी झ्याक वाढतीस."

मला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. दंडाला कंड सुटायची आणि खाजवता यायचं नाही, तेवढं आठवत होतं. तिचा मला इतका राग आला होता की बोलले असते तर मुक्काम करता आला नसता.

दिवस मावळायच्या आत जेवून आम्ही तिघं कॅम्पात गेलो. संध्याकाळचा खेळ घ्यावा. रात्रीच्या खेळाला सोल्जर प्यालेले असतात. संध्याकाळीही असतात, पण खुर्चीत बसण्याइतके शुद्धीवर. तिकीट तंबूच्या चौपट. बायकांना बाजूला वेगळी ओळ आहे, पण पडदा सगळ्यांच्या समोर. समजावून सांगणारा कोणी नाही, त्यामुळे इंग्रजी येत नसेल तर हात आणि टोप्या बघाव्यात. मला तेवढंच बघायचं होतं.

टोपीवाला आला. त्यानं काडी ओढली, उजव्या हातानं. मला वाटलं, चित्रपट दुसरा असेल. पण तेच दुकान, तोच जिना, तोच रुमाल. रुमालाची घडी उजव्या हातानं. पिस्तूल उजव्या हातानं. पोलिसानं सलाम ठोकला तो उजव्या हातानं. मी उठून जावं म्हटलं, पण मधे सोल्जरांचे पाय होते. शेवटी तो मेला, जिन्यावरून गडगडत. तंबूत बघताना मी रडले होते. या वेळी वाटलं, मर एकदाचा.

बाहेर आल्यावर ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बघितलंस न्हवं?"

"निपाणीत कुठं बसलतीस तू?" आक्कानं विचारलं.

"बायकांच्यात. कापडाच्या मागं."

"अगं मग मागनं सगळं उलटंच दिसणार. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं." आक्का टांग्यात बसेपर्यंत हसत होती.

म्हणजे तो देश कुठे नव्हताच. आम्हाला कापडाच्या मागे बसवलं, पैसे तेवढेच घेतले, आणि काठीवाल्यानं दोन भाषांत जगातलं सगळं सांगितलं, एवढं सोडून. आमच्या ओळीतल्या एकीलाही इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, नाहीतर पडद्यावरची अक्षरं उलटी आहेत हे तेव्हाच कळलं असतं. त्या रात्री मला जेवढी स्वतःची लाज वाटली, तेवढी कशाचीच वाटली नव्हती. पोरीला मी नसलेल्या गावचा पत्ता दिला होता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ह्यांनी संकेश्वरला मला उसाचा रस पाजला. जिंकलेला माणूस उदार होतो. मी रस प्यायले आणि घरापर्यंत गप्प राहिले. ह्यांना वाटलं, मी शब्द पाळतेय.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि पानं मांडली होती. कुसुम पाटावर बसली होती, हात कमरेशी बांधलेला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"हरले मी, आत्ती. उजवा निघाला." असं म्हणून मी कुसुमच्या मागे बसले आणि गाठ सोडली. गाठ घट्ट होती, दातानं सोडावी लागली. पट्टी चुलीत टाकली.

"अगं, ठरलंतं की आपलं," हे म्हणाले.

"व्हय, ठरलंतं. इतके गुंड बघितलेत तुम्ही, त्यातल्या एकानं तरी शब्द पाळला काय?"

कुसुमनं सुटलेला हात मांडीवर घेतला, पण पानाला लावला नाही.

"आई, तो डावरा न्हाय?"

"न्हाय."

"आणि पोलीस?"

"त्योबी न्हाय. त्या देशातबी समदी उजवीच हायती."

तिनं थोडा विचार केला. "मग मी एकटीच?"

वाढायची वेळ झाली होती. आमटीची पळी मी डाव्या हातात घेतली, सासूबाईंच्या देखत, ह्यांच्या देखत. इतक्या वर्षांत त्या हातानं मी कधी काही वाढलं नव्हतं. पळी कलंडली आणि आमटी पानाबाहेर, पाटावर, कुसुमच्या परकरावर सांडली. ती माझ्या हाताकडे बघत होती. मग तिनं डाव्या हातानं भाकरी मोडली आणि पान पुढे सरकवलं. दुसऱ्या पळीला कमी सांडली.